नेटिव्ह एक्सएमएल डेटाबेसवर अ‍ॅप्लिकेशन उभारताना: आधी काय ठरवायचं, नंतर काय

एक्सएमएल डेटाबेसवर पहिलं अ‍ॅप्लिकेशन करायला घेणारा माणूस बहुधा उत्पादनापासून सुरुवात करतो: एक्झिस्ट-डीबी बरा की बेसएक्स, की मार्कलॉजिकसाठी पैसे मोजावेत? (एक्सएमएल म्हणजे मजकुराच्या भागांना टॅग, म्हणजे नावाच्या खुणा, लावून त्याची रचना दाखवण्याची पद्धत.) माझं मत असं की हा निर्णय उशिरा घेतला तरी चालतो, कारण तो बदलता येतो. सहजी बदलता येत नाहीत असे निर्णय तीनच आहेत. 'एक दस्तऐवज' कशाला म्हणायचं, त्याला ओळख कशी द्यायची, आणि खरी प्रत कुठे राहणार. हे तीन नीट ठरले की सर्व्हर बदलणं हे नुसतं कष्टाचं काम उरतं. ते चुकले तर फाइली, क्वेरी (डेटाबेसला विचारायचे प्रश्न) आणि लोकांनी आपल्या लेखांत दिलेले दुवे, सगळंच एकदम हलवावं लागतं. म्हणून हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे.

उदाहरणं दोन घेतो. पहिलं प्रत्यक्षात चालू असलेलं. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचं इतिहास कार्यालय १८६१ पासून निघत आलेली 'फॉरिन रिलेशन्स ऑफ द युनायटेड स्टेट्स' ही दस्तऐवजमाला एक्झिस्ट-डीबीवर प्रकाशित करतं. खंडांच्या एक्सएमएल फाइली आणि संकेतस्थळाचा कोड दोन्ही गिटहबवर खुले आहेत, त्यामुळे शिकणाऱ्याला याहून चांगला नमुना मिळणं कठीण. दुसरं उदाहरण आपल्या घरचं, पण कल्पित: एखाद्या संस्थेला पेशवेकालीन मोडी पत्रांचं देवनागरी लिप्यंतर शोधता येईल अशा रूपात मांडायचं आहे. असं काम हाती घेणारे अनेक असतील, आणि त्यात येणाऱ्या अडचणी इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाहीत.

पायरी १: हा डेटाबेस खरंच लागतो का ते पाहा

नेटिव्ह एक्सएमएल डेटाबेसमध्ये दस्तऐवज तक्त्यांत मोडून न ठेवता त्याच्या रचनेसकट साठवला जातो आणि एक्सपाथ व एक्सक्वेरी या भाषांनी विचारला जातो. याचा फायदा होतो तो मजकुरात टॅग आणि टॅगमध्ये मजकूर असा गुंता असतो तेव्हा. पत्राच्या एका वाक्यात व्यक्तीचं नाव, त्या नावाच्या मधोमध फाटलेला कागद, पुढे संपादकाने सुचवलेलं अक्षर, आणि हे सगळं ज्या क्रमाने आलं तो क्रमही महत्त्वाचा. असा मजकूर तक्त्यात बसवायला गेलात तर रोज त्याच्याशी झगडावं लागेल.

उलट, तुमच्या प्रत्येक नोंदीत तेच पंधरा-वीस रकाने असतील, मजकूर लहान असेल आणि बेरीज-सरासरीचे प्रश्न जास्त असतील, तर माहिती एक्सएमएलमध्ये आली म्हणून ती एक्सएमएल डेटाबेसमध्येच ठेवायला हवी असं नाही. पोस्टग्रेससारखा डेटाबेस घ्या. पण तिथे एक्सएमएलचा रकाना मिळतो म्हणून सगळी पत्रं त्यात भरू नका. त्यातला एक्सपाथ जुन्या १.० आवृत्तीचा आहे आणि एक्सक्वेरी नाही. पत्रं एका डेटाबेसमध्ये आणि वापरकर्त्यांची खाती दुसऱ्यात, अशी विभागणी अगदी योग्य आहे.

पायरी २: प्रश्न लिहून काढा

टॅग ठरवण्याआधी वापरणारे लोक काय विचारतील ते त्यांच्याच शब्दांत कागदावर उतरवा. 'पानिपतच्या आधीच्या सहा महिन्यांतली पत्रं', 'नाना फडणवीसांचा उल्लेख असलेली पण त्यांनी न लिहिलेली पत्रं', 'कऱ्हाडहून गेलेली पत्रं', 'हुंडी हा शब्द कुठे कुठे येतो'. प्रत्येक प्रश्नापुढे लिहा: उत्तरात माणसाला काय दिसायला हवं? आख्खं पत्र, एक परिच्छेद, की नुसती यादी? पुढचे जवळजवळ सगळे निर्णय या कागदावरून होतात.

पायरी ३: एक दस्तऐवज म्हणजे काय

हा सर्वांत जड निर्णय. एका फाइलीत एक पत्र ठेवायचं, एक रुमाल (कागदांचा गठ्ठा) ठेवायचा, की आख्खा संग्रह?

परराष्ट्र खात्याच्या मालेत एका फाइलीत एक पूर्ण खंड आहे, आणि त्या खंडातला प्रत्येक दस्तऐवज आत स्वतंत्र विभाग म्हणून. १९७१ च्या दक्षिण आशियातल्या पेचप्रसंगाचा खंड घ्या, ज्यात बांगलादेश युद्धाच्या काळातले निक्सन-किसिंजर यांचे कागद आहेत. तो खंड एक ग्रंथ म्हणून संपादित झाला. प्रस्तावना, व्यक्तींची यादी, संक्षेपांची यादी, तळटीपांतले 'दस्तऐवज अमुक पाहा' असे आतले दुवे, हे सारं खंडापुरतं एकसंध आहे. म्हणून फाइल खंडाची असणं तिथे बरोबर ठरतं, जरी वाचकाला एका वेळी एकच दस्तऐवज दाखवला जात असला तरी.

मोडी पत्रांचं तसं नाही. पत्रं एकेक वाचली जातात, एकेक दुरुस्त होतात, आणि दोन अभ्यासक एकाच वेळी दोन पत्रांवर काम करत असतात. तिथे एका फाइलीत एक पत्र हेच सोयीचं. डेटाबेसमधला ताबा (एकाने लिहिताना इतरांना रोखणारं लॉक) आणि परवानग्या सहसा दस्तऐवजाच्या किंवा त्याहून मोठ्या पातळीवर चालतात; पाचशे पत्रांची एक फाइल केलीत तर एक अनुस्वार दुरुस्त करणारा बाकी सगळ्यांना थांबवू शकतो. बदलांचा इतिहासही एका पत्राचा म्हणून वाचता येत नाही.

मी तीन कसोट्या लावतो. संपादक एका बैठकीत काय उघडून दुरुस्त करतो? शोधाच्या निकालात एक ओळ कशाची असते? आणि हा तुकडा एकटाच दुसऱ्या संस्थेला पाठवला तर त्याचा अर्थ लागेल का? तिन्हींचं उत्तर एकच आलं तर फाइलीची सीमा तिथेच. उत्तरं वेगळी आली तर पहिल्या कसोटीला जास्त वजन द्या. मोठ्या फाइलीतून छोटा तुकडा दाखवणं एक्सक्वेरीला सहज जमतं, पण दोन संपादकांना एका फाइलीवर गुण्यागोविंदाने नांदवणं तिला जमत नाही.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नका. प्रत्येक परिच्छेदाची वेगळी फाइल केली तर पत्र दाखवताना दर वेळी जुळणी करावी लागेल, आणि क्रमाची जबाबदारी एक्सएमएलकडून तुमच्याकडे येईल.

पायरी ४: ओळख

प्रत्येक दस्तऐवजाला आणि ज्याचा दुवा कुणी देऊ शकेल अशा आतल्या प्रत्येक विभागाला कायमची ओळख द्या. ती एक्सएमएलमध्येच लिहिलेली हवी. बेसएक्स काय किंवा एक्झिस्ट काय, आत प्रत्येक नोडला (टॅग, मजकुराचा तुकडा अशा प्रत्येक घटकाला) स्वतःचे क्रमांक देतात आणि ते मिळवण्याची सोयही देतात. पण मजकूर बदलला किंवा पुन्हा भरला की ते क्रमांक हलतात. ते बाहेर कुणाला दाखवू नयेत.

ओळखीत अर्थ कोंबू नका. पत्रलेखक, गाव आणि साल मिळून ओळख केली आणि उद्या लक्षात आलं की पत्र दुसऱ्याच कुणाचं आहे, तर ओळख खोटी ठरते, आणि ती बदलली तर दुवे तुटतात. नुसता अनुक्रमांक बरा. तो इंग्रजी अंकाने सुरू करू नका, कारण एक्सएमएलच्या ओळखीच्या नियमात ते बसत नाही. पुढे एखादं अक्षर लावा. छापील खंडांचं काम असेल तर मात्र छापील क्रमांकच घ्या, कारण संशोधकांच्या तळटीपांत तोच असतो. परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावरचा पत्ता असाच बनतो: आधी खंडाची ओळख, मग दस्तऐवजाचा क्रमांक. छापील पुस्तकावरून उल्लेख करणारा आणि पडद्यावर वाचणारा, दोघे एकाच जागी पोचतात.

पायरी ५: कलेक्शन

कलेक्शन म्हणजे डेटाबेसमधला फोल्डर. त्याची विभागणी तीनच कारणांसाठी करा: परवानग्या वेगळ्या असणं, इंडेक्सची (जलद शोधासाठी डेटाबेस ठेवतो त्या सूचीची) मांडणी वेगळी असणं, किंवा बदलण्याचा वेग वेगळा असणं. पत्रं, व्यक्ती-स्थळांच्या याद्या आणि वाचकांच्या टिपा अशी तीन कलेक्शन पुरतात. सालवार किंवा लेखकवार फोल्डर करण्याचा मोह टाळा. साल आणि लेखक ही माहिती पत्राच्या आत असते, ती क्वेरीने मिळते, आणि ती बदलली तरी फाइल हलवावी लागत नाही.

पायरी ६: टॅग

स्वतःचे टॅग बनवण्याआधी टीईआय पाहा. मजकुराच्या संपादनासाठी १९८७ पासून विकसित होत असलेलं हे मानक पत्रं, हस्तलिखितं, कोश, नाटकं सगळ्यांना पुरतं, आणि परराष्ट्र खात्याचे खंडही त्यातच आहेत. ते फार मोठं आहे हे खरं. त्यातले तीस-चाळीस टॅग निवडून बाकीच्यांना मज्जाव करणारा स्कीमा, म्हणजे टॅगांची नियमावली, करा. खालचा तुकडा मात्र वाचायला सोपा जावा म्हणून मराठी टॅग आणि देवनागरी अंक वापरून लिहिला आहे (एक्सएमएलमध्ये टॅगचं नाव देवनागरीत चालतं):

```
<पत्र ओळख="प-००४२">
  <मिती पासून="१७६०-०५" पर्यंत="१७६१-०६">सन इहिदे सितैन मया व अलफ</मिती>
  <मजकूर>… <व्यक्ती कोण="व्य-०१७">नाना</व्यक्ती> यांस …</मजकूर>
</पत्र>
```

यात दोन निर्णय दडलेले आहेत, आणि दोन्हींवर वेळ घालवणं सार्थकी लागतं.

पहिला मितीचा. मराठेशाहीतल्या पत्रांत सुहूर सन अरबी संख्याशब्दांत येतो. इहिदे म्हणजे एक, सितैन म्हणजे साठ, मया शंभर, अलफ हजार, मिळून ११६१. हा सन मृगापासून मृगापर्यंत चालतो, आणि त्यात ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे नुसता सन दिलेलं पत्र १७६० च्या उन्हाळ्याअखेरीपासून १७६१ च्या उन्हाळ्याअखेरीपर्यंत कधीचंही असू शकतं. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, तीही याच सनात. अशा पत्राला एकच तारीख चिकटवली तर तुम्ही नसलेली माहिती तयार करता. मूळ शब्द मजकुरात तसेच ठेवा आणि बाजूला 'यापूर्वीचं नाही' व 'यानंतरचं नाही' अशा दोन कडा लिहा. परराष्ट्र खात्याच्या फाइलींतही हाच मार्ग आहे. कागदावरची तारीख जशीच्या तशी, आणि विभागाच्या टॅगवर किमान व कमाल अशा दोन यंत्रवाच्य तारखा. शोधताना मग 'वापरकर्त्याचा काळ आणि पत्राचा काळ एकमेकांना छेदतात का' एवढंच तपासायचं. प्रत्यक्ष फाइलीत या कडा इंग्रजी अंकांत लिहा. एक्सएमएलचा तारीख हा प्रकार देवनागरी अंक स्वीकारत नाही.

दुसरा निर्णय व्यक्तीचा. पत्रात 'नाना' असं आलं तर ते नानासाहेब पेशवे की नाना फडणवीस, हे संपादकाला संदर्भाने कळतं, क्वेरीला नाही. म्हणून व्यक्तींची एक स्वतंत्र यादी ठेवा, प्रत्येकीला ओळख द्या, आणि मजकुरातल्या उल्लेखातून तिच्याकडे बोट दाखवा. जन्ममृत्यू, पर्यायी नावं वगैरे त्या यादीतच; पत्रापत्रांत ती पुन्हा लिहायची नाहीत. खात्री नसेल तर तेही टॅगमध्ये नोंदवायची सोय ठेवा, नाहीतर संपादक अंदाजाला खात्रीचं रूप देऊन मोकळे होतात.

नवशिक्याला हमखास अडवणाऱ्या दोन गोष्टी इथेच सांगतो. टीईआयच्या प्रत्येक टॅगला नेमस्पेस असते, म्हणजे तो कुठल्या टॅगसंचातला हे सांगणारं नाव. क्वेरीत ती लिहायला विसरलात तर चूक दाखवणारा संदेश येत नाही, नुसतं रिकामं उत्तर येतं. 'डेटाबेसमध्ये काहीच नाही' असं वाटलं की पहिल्यांदा नेमस्पेस तपासा. दुसरी गोष्ट मोकळ्या जागांची. दोन शेजारच्या टॅगमधली जागा ही पत्रात शब्दांमधली जागा असते, पण फाइल भरताना ती काटली जाऊ शकते. बेसएक्सच्या दहाव्या आवृत्तीपूर्वी तर हे आपोआप होत असे, आणि 'माधवराव बल्लाळ' जोडून 'माधवरावबल्लाळ' होई. भरताना जागा जपायचा पर्याय आणि बाहेर काढताना इंडेंट न करण्याचा पर्याय, दोन्ही पहिल्या दिवशी ठरवा.

डेटाबेस कुठलाही सुघटित (टॅग नीट उघडले-मिटलेला) एक्सएमएल निमूटपणे स्वीकारतो, स्कीमा असो वा नसो. ही सवलत वाटते, पण मजकुराचं काम असेल तर ती घेऊ नका. फाइल आत जाण्याआधी तपासा: रचना रिलॅक्सएनजीने, आणि 'पासून ही कड पर्यंतच्या नंतर नको', 'व्यक्तीची ओळख यादीत असलीच पाहिजे' असे नियम स्किमाट्रॉनने.

पायरी ७: खरी प्रत कुठे

दोन मार्ग आहेत. एक, फाइली गिटमध्ये (फाइलींच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) राहतात, तिथे दुरुस्त होतात, आणि डेटाबेस हा त्यांच्यावरून केव्हाही नव्याने उभा करता येणारा शोधाचा साठा असतो. दोन, डेटाबेसच खरी प्रत, आणि संपादन त्यातच.

संपादित मजकुरासाठी मी पहिल्याचाच आग्रह धरतो. प्रत्येक दुरुस्ती कुणी, कधी, का केली हे कायम राहतं. स्कीमाची तपासणी आत शिरण्याआधीच लावता येते. आणि सर्व्हर बदलायचा तर फाइली दुसऱ्या डेटाबेसमध्ये भरायच्या, बस. उत्पादनं कायम राहत नाहीत. अपाचे संस्थेचा झिंडीचे नावाचा एक्सएमएल डेटाबेस एके काळी वापरात होता, आता तो निवृत्त प्रकल्पांत जमा आहे. मार्कलॉजिक कंपनी २०२३ साली प्रोग्रेसच्या मालकीची झाली. फाइली तुमच्या हातात असतील तर अशा बातम्या शांतपणे वाचता येतात.

दुसरा मार्ग लागतो तो वाचक पडद्यावरूनच लिहिणार असतील तेव्हा: टिपा, शंका, खुणा. अशा माहितीसाठी वेगळा डेटाबेस किंवा वेगळं कलेक्शन ठेवा आणि लिहिण्याचे नियम आधी समजून घ्या. बेसएक्समध्ये एका डेटाबेसवर एका वेळी एकच जण लिहू शकतो आणि तोवर वाचणारे थांबतात. टिपा पत्रांपासून वेगळ्या ठेवल्या तर टीप लिहिताना पत्रवाचन अडत नाही. एक बारकावा लक्षात असू द्या: क्वेरीत डेटाबेसचं नाव थेट लिहिलेलं असेल तर बेसएक्स तेवढ्यावरच ताबा घेतो, पण नाव क्वेरी चालताना ठरत असेल तर सगळ्यांवर घेतो. एक्झिस्टमध्ये सर्व्हर बंद पडला तरी सावरण्याची सोय आहे, पण अनेक बदल एकत्र करून नंतर सगळे मागे घेण्याचा व्यवहार (ट्रान्झॅक्शन) एक्सक्वेरीतून करता येत नाही. पैशाचे हिशेब ठेवायचे असतील तर जागा ही नव्हे. कडक व्यवहार हवेच असतील तर मार्कलॉजिक ते देतो.

पायरी ८: आता उत्पादन निवडा

इथवर आलात की निवड सोपी होते. एक्झिस्ट-डीबी २००० सालापासून आहे, आणि टीईआयच्या कामात त्याचा वापर करणारे बरेच असल्याने तयार साधनं मिळतात. टीईआय पब्लिशर हे त्यांतलं मोठं. अ‍ॅप्लिकेशन, क्वेरी, स्टाइल, सगळं एका पॅकेजमध्ये बांधून बसवता येतं. बेसएक्स जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठात जन्मला. हलका, वेगवान, एका जार फाइलीने सुरू होणारा. त्याची खिडकी उघडून क्वेरी लिहिली की ती आत कशी चालवली गेली हेही दिसतं. शिकायला मी बेसएक्स सुचवेन. त्याची एक मर्यादा जाणून ठेवा: एका डेटाबेसमध्ये साधारण दोन अब्ज नोड. पत्रसंग्रह तिथे पोचत नाही, पण मोठे शब्दसंग्रह पोचू शकतात.

एक्सक्वेरीचं मानक १.० हे २००७ साली आलं आणि ३.१ हे २०१७ साली. या मानकातली क्वेरी दोन्हीकडे चालते. जुळत नाहीत त्या गोष्टी मोजक्या आहेत, पण नेमक्या रोजच्या: मजकूर बदलणं आणि पूर्ण मजकुराचा शोध. बेसएक्स दोन्हींसाठी मानकाच्या जोडभाषा वापरतो. एक्झिस्टची बदलाची स्वतःची पद्धत आहे आणि शोध ल्युसीन या शोधाच्या तयार साधनामार्फत होतो. म्हणून ही दोन कामं करणारी फंक्शन एकाच मॉड्यूलमध्ये कोंडा. बाकीच्या कोडला फक्त 'शब्द शोध' आणि 'टीप लिही' एवढंच माहीत असावं.

पायरी ९: इंडेक्स आणि मराठी शोध

पायरी २ चा कागद पुन्हा काढा. प्रत्येक प्रश्नात कशाची तुलना होते ते पाहून तेवढेच इंडेक्स करा: ओळखींवर, मितीच्या दोन कडांवर, आणि मजकुरावर. एक्झिस्टमध्ये इंडेक्सची मांडणी कलेक्शनगणिक एका फाइलीत लिहावी लागते, आणि ती बदलल्यावर आधीच्या दस्तऐवजांचं इंडेक्स पुन्हा करायला सांगावं लागतं. नुसती फाइल बदलून काही होत नाही. बेसएक्समध्ये मूल्यांचे इंडेक्स आपोआप बनतात, पण मजकूर बदलला की ते जुने होतात. एक तर डेटाबेस तयार करतानाच 'बदलांबरोबर इंडेक्सही बदल' हा पर्याय घ्या, नाहीतर बदल झाल्यावर ऑप्टिमाइझ चालवा. आणि तुलनेच्या डाव्या बाजूला, म्हणजे साठवलेल्या मूल्यावर, फंक्शन लावू नका. तसं केलं की इंडेक्स बाजूला पडतो आणि प्रत्येक पत्र उघडून पाहिलं जातं. मूल्य साठवतानाच स्वच्छ करा.

आता आपल्या लिपीचं. 'कऱ्हाड' या शब्दातला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो: खालच्या टिंबाचा ऱ आणि हलंत, किंवा साधा र, हलंत आणि न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं ठरलेलं सामान्यीकरण करूनही हे दोन एक होत नाहीत. एक रूप निवडा, फाइल आत जाताना दुसरं त्यात बदला, आणि वापरकर्त्याने शोधायला दिलेल्या शब्दावरही तेच फंक्शन चालवा. हा संकेतांकनाचा भाग आहे, लेखनाचा नाही, त्यामुळे मूळ मजकुरात हे करायला हरकत नाही.

लेखनाचं वेगळं. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसतो, आणि शब्द तोडून लिहायची पद्धतही नाही. 'पाणी' की 'पाणि', शब्द कुठे तोडायचा, हे लिप्यंतर करणाऱ्याने ठरवलेलं असतं. तेव्हा मूळ लिप्यंतर तसंच ठेवा आणि शोधासाठी त्यावरून काढलेलं दुसरं रूप तयार करा, ज्यात सगळे इकार-उकार एकाच प्रकारचे केलेले असतील. एक्झिस्टमध्ये ल्युसीनच्या फील्डमध्ये असं रूप क्वेरीने काढून ठेवता येतं. बेसएक्समध्ये त्यासाठी छोटा जोड-डेटाबेस करावा लागतो. लोकांना दाखवायचं ते मूळच.

आणि विभक्ती. 'पुणे' शोधलं तर 'पुण्यास', 'पुण्याहून', 'पुण्यातील' यांतलं काहीच सापडत नाही, कारण मूळ शब्दच बदलतो. इंग्रजीसाठी जसे शब्दाचं मूळ काढणारे नियम डेटाबेसबरोबर मिळतात तसे मराठीसाठी मिळतील यावर विसंबू नका. गावं आणि माणसं यांच्यासाठी उपाय पायरी ६ मध्येच झालेला आहे: मजकुरात काहीही रूप असो, टॅग एकाच ओळखीकडे बोट दाखवतो, आणि शोध ओळखीवर होतो. बाकी शब्दांसाठी 'हुंड*' अशा अर्धवट शब्दाने शोधायची सोय द्या आणि ती शोधपेटीच्या खालीच मराठीत समजावून सांगा. टॅग लावण्याचे कष्ट खूप आहेत, पण मराठी मजकुरात ते इतर कशाहीपेक्षा जास्त फळ देतात असं माझं ठाम मत आहे.

नावांची यादी लावतानाही जपा. काही सांगितलं नाही तर क्रम युनिकोडच्या क्रमांकांनी लागतो, आणि त्यात ळ हा ल आणि व यांच्या मध्ये येतो, ह च्या पुढे नाही. क्रम लावताना कोलेशनमध्ये (अक्षरक्रमाच्या नियमांत) मराठी भाषा सांगा, आणि आलेली यादी डोळ्यांखालून घाला.

पायरी १०: क्वेरी आणि वेब

दोन्ही डेटाबेसमध्ये रेस्टएक्सक्यू आहे. फंक्शनवर पत्ता लिहिला की ते त्या पत्त्यावर उत्तर देतं. मध्ये दुसरी भाषा लागत नाही. सुरुवातीला हेच घ्या. तीन थर मात्र वेगळे ठेवा: पत्र शोधून एक्सएमएल देणारी फंक्शन, त्याचं एचटीएमएल करणारी फंक्शन, आणि पत्ते सांभाळणारी. पहिल्या थरात एचटीएमएलचा एकही टॅग नको. उद्या मोबाइल अ‍ॅपला जेसन द्यायचं ठरलं तर फक्त दुसरा थर नवा लिहावा लागेल. रूपांतर एक्सएसएलटी या रूपांतराच्या भाषेने करायचं असेल तर एक्झिस्टबरोबर ती चालवणारा सॅक्सन येतो, बेसएक्समध्ये तो तुम्हाला घालावा लागतो.

सुरक्षेच्या बाबतीत ढिलाई नको. वापरकर्त्याचा शब्द जोडून क्वेरीची ओळ बनवायची आणि मग ती चालवायची, हे कधीही करू नका. एक्सक्वेरीतही परका कोड घुसवता येतो. शब्द बाहेरून येणाऱ्या व्हेरिएबलमध्ये द्या. एक्झिस्ट नव्याने बसवला की मुख्य खात्याचा पासवर्ड रिकामा असतो. सर्व्हर इंटरनेटला जोडण्याआधी तो बदला, आणि बाहेरून दिसायला नको अशी थेट क्वेरीची दारं डेटाबेस आणि इंटरनेट यांच्या मधल्या (प्रॉक्सी) सर्व्हरवरच बंद करा.

पायरी ११: थोड्या पत्रांवर सगळं करून पाहा

हजारो पत्रं भरण्याआधी वीस-पंचवीस निवडा. सोपी नको, अवघड निवडा: मिती नसलेलं, अर्धं फाटलेलं, दोघांनी मिळून लिहिलेलं, यादीचं पत्र, एका ओळीची चिठ्ठी. त्यांच्यावर वरच्या सगळ्या पायऱ्या पूर्ण करा आणि पायरी २ च्या प्रत्येक प्रश्नाची अपेक्षित उत्तरं हाताने लिहून ठेवा. ही उत्तरं तपासणाऱ्या क्वेरी प्रत्येक बदलानंतर चालवा. स्कीमातली जवळजवळ सगळी भोकं इथेच दिसतात, आणि वीस फाइली बदलणं दुपारभराचं काम असतं.

त्यानंतर डेटाबेस पूर्ण पुसा आणि गिटमधल्या फाइलींवरून, लिहून ठेवलेल्या आज्ञांनी, पुन्हा उभा करा. वाचकांच्या टिपांचा वेगळा बॅकअपही दुसऱ्या मशीनवर परत भरून पाहा. हे काम संघातल्या अशा माणसाकडून करून घ्या ज्याने पहिल्यांदा ते बसवलं नव्हतं; तो जिथे अडेल तिथली आज्ञा लिहायची राहिली आहे, ती त्याच वेळी लिहा.